मेंदूविज्ञान आणि जनसामान्य : विद्यापीठीय लोकाभिमुख उपक्रमांचे स्वरूप व मर्यादा

गोषवारा

विद्यापीठे व संशोधन संस्था मेंदूविज्ञानाविषयी सर्वसामान्यांसाठी जे उपक्रम आयोजित करतात, त्यांचा उगम, रचना व मर्यादा यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे. मेंदूविषयी माहिती वाढली म्हणजे गैरसमज आपोआप कमी होतात, हे गृहीतक तपासून पाहण्याची आवश्यकता आहे. एखादा निश्चित समज निवडून त्याविषयी श्रोत्यांशी संवाद साधणारा उपक्रम अधिक उपयुक्त ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मेंदूविज्ञान, विज्ञानप्रसार, विस्तारकार्य, गैरसमज, अपस्मार.

प्रस्तावना

मानवी मेंदूचे वजन सरासरी १.३ ते १.४ किलोग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते; परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा वापरते, तिच्यापैकी सुमारे २० टक्के ऊर्जा एकट्या मेंदूला लागते. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, असा अंदाज २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडण्यात आला. अशी माहिती श्रोत्यांना थक्क करते. त्यामुळे मेंदूविषयीचे व्याख्यान किंवा प्रदर्शन असले की गर्दी जमविण्यासाठी फारसे प्रयास पडत नाहीत. मात्र थक्क झालेला श्रोता घरी जाताना नेमके काय घेऊन जातो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विस्तारकार्य ही ज्यांच्या कामाचा भाग आहे, अशा प्राध्यापकांच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

उगम व पार्श्वभूमी

अमेरिकेत १९९० ते १९९९ हे दशक ‘मेंदूचे दशक’ म्हणून साजरे करण्यात आले. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (ज्येष्ठ) यांनी जुलै १९९० मध्ये त्याविषयीचा जाहीरनामा काढला होता. याच वातावरणात डेना अलायन्स या संस्थेच्या पुढाकाराने १९९६ मध्ये ‘मेंदू जागरूकता सप्ताह’ सुरू झाला. मार्च महिन्यात साजरा होणारा हा सप्ताह पुढे अनेक देशांत पसरला. विद्यापीठे, रुग्णालये, शाळा व रुग्णांच्या संघटना यांनी आपापल्या परीने कार्यक्रम करावेत, अशी त्याची रचना आहे.

सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे उदाहरण या संदर्भात उल्लेखनीय आहे. तेथील संशोधक एरिक चडलर यांनी मुलांसाठी व शिक्षकांसाठी ‘न्यूरोसायन्स फॉर किड्स’ हे संकेतस्थळ विकसित केले आणि सप्ताहाच्या निमित्ताने शालेय विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठात खुला दिवस भरविण्याची प्रथा रुजविली. भारतात बंगळूरु येथील निम्हान्स या संस्थेतील मेंदू संग्रहालय सर्वसामान्यांना पाहता येते. निरोगी मेंदूबरोबरच पक्षाघात, अर्बुद, जंतुसंसर्ग इत्यादींमुळे बदललेले मेंदूही तेथे पाहावयास मिळतात. चित्रातील मेंदू आणि प्रत्यक्ष मेंदू यांतील अंतर अशा भेटीतून विद्यार्थ्यांच्या लक्षात येते.

कृतीतून आकलन

खुल्या दिवसाचा गाभा व्याख्यान नसून कृती असते. त्रिकोणी लोलक बसविलेला चष्मा घालून लक्ष्यावर चेंडू फेकणे, ही यातील एक लोकप्रिय कृती होय. लोलकामुळे दृश्य एका बाजूस, समजा उजवीकडे, सरकते आणि चेंडूही उजवीकडे पडतो. काही फेकींनंतर मेंदू ही चूक भरून काढतो व चेंडू लक्ष्याजवळ पडू लागतो. चष्मा काढल्यावर मात्र चेंडू काही काळ डावीकडे पडत राहतो. डोळ्यांना आता सर्व यथास्थित दिसत असते, तरी हाताला मिळणाऱ्या आज्ञा अजून बदललेल्या असतात. अनुमस्तिष्काला इजा झालेल्या रुग्णांमध्ये हे जुळवून घेणे नीट घडत नाही. ‘शिकणे म्हणजे मेंदूत बदल होणे’ हे विधान तासभर समजावून सांगण्यापेक्षा दहा मिनिटांच्या या खेळातून अधिक स्पष्ट होते.

ज्या महाविद्यालयात असा चष्मा उपलब्ध नाही, तेथे कागद व रंगीत पेन पुरेसे आहेत. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईने लिहावा, ‘हिरवा’ हा शब्द लाल शाईने लिहावा आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगावयास सांगावे. स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचे हे मराठी रूप आहे. देवनागरी वाचता येणारा माणूस येथे हमखास अडखळतो. अद्याप अक्षरओळख न झालेले मूल मात्र शब्दाच्या अर्थामुळे अडखळत नाही. वाचन एकदा अंगवळणी पडले की ते थांबविणे आपल्या हाती राहत नाही, हे त्यावरून समजते. या प्रयोगास खर्च जवळजवळ नाही आणि तो आपल्याच भाषेत व लिपीत करता येतो.

माहिती वाढते, समज बदलतोच असे नाही

विज्ञानप्रसारामागे बराच काळ एक साधे गृहीतक होते : लोकांकडे माहितीची उणीव आहे, ती भरून काढली की त्यांचा दृष्टिकोन बदलेल. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीच्या १९८५ च्या बॉडमर अहवालाने विज्ञानाच्या लोकशिक्षणास चालना दिली, परंतु तिचा भर प्रामुख्याने माहिती पुरविण्यावर राहिला. पुढे २००० मध्ये ब्रिटिश उमराव सभेच्या समितीने ‘विज्ञान आणि समाज’ या अहवालात शास्त्रज्ञ व समाज यांच्यातील संवादावर भर दिला.

मेंदूविज्ञानाच्या बाबतीत या मतपरिवर्तनाला विशेष अर्थ आहे. फ्रान्सिस राउशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. मोझार्टचे संगीत ऐकल्यावर अवकाशीय आकलनाच्या कसोटीत थोडी सुधारणा दिसली आणि ती १० ते १५ मिनिटेच टिकली. प्रयोग तान्ह्या मुलांवर नव्हता. तरीही १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकास अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी १,०५,००० डॉलर्सची तरतूद सुचविली. संशोधनातील मर्यादित निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचताना कसा फुगतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याहून चिंतनीय बाब २०१२ मध्ये डेकर व सहकाऱ्यांच्या पाहणीतून पुढे आली. ब्रिटन व नेदरलँड्समधील, मेंदूविज्ञानात रस असलेल्या २४२ शिक्षकांना मेंदूविषयीची काही खरी व काही चुकीची विधाने देण्यात आली. चुकीच्या विधानांपैकी सरासरी ४९ टक्के विधाने शिक्षकांना खरी वाटली. शिवाय मेंदूविषयी सर्वसाधारण माहिती अधिक असणारे शिक्षक गैरसमजांवरही अधिक विश्वास ठेवणारे आढळले. पाहणी दोनच देशांतील असल्याने तिचा निष्कर्ष सरसकट लागू करणे योग्य नव्हे; परंतु माहिती पुरविणे हाच उपाय, या समजुतीला तिने धक्का दिला हे निश्चित.

आपल्याकडेही बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी व कल सांगणाऱ्या चाचण्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचावयास शिकविणारे ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे वर्ग पालकांना विकले गेले आहेत. त्यांना शास्त्रीय आधार नाही. तथापि त्यांची जाहिरात मेंदूविज्ञानाच्याच परिभाषेत केली जाते. मेंदूविषयी कुतूहल जागे करून तेथेच थांबणारा उपक्रम अशा विक्रेत्यांसाठी नकळत भूमी तयार करून ठेवतो.

अपस्मार : कसोटीचा विषय

लोकाभिमुख उपक्रमाची खरी परीक्षा अपस्मारासारख्या विषयात होते. ग्रामीण भागात ‘फेफरे’, ‘आकडी’, ‘फिट’ अशा नावांनी ओळखला जाणारा हा विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ५ कोटी लोकांना आहे. योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात. प्रत्यक्षात कांदा किंवा चप्पल हुंगविणे, दातांत चमचा घालणे हेच उपाय अनेक ठिकाणी आजही केले जातात. रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, वेळ मोजावी आणि झटका ५ मिनिटांहून अधिक काळ राहिल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे, एवढी माहिती जीव वाचवू शकते.

विवाहाचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ मधील अटींत पूर्वी अपस्माराच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांचा समावेश होता. १९९९ च्या दुरुस्तीने ‘अपस्मार’ हा शब्द तेथून वगळण्यात आला. कायदा बदलला, परंतु मुलीला झटके येतात हे लपविण्याची आणि लपविण्यासाठी औषध बंद करण्याची भीती केवळ कायद्याने जात नाही. मेंदूतील विद्युत क्रियेत होणारा तात्पुरता बिघाड म्हणजे झटका, हे समजले तर करणी, बाहेरची बाधा या कल्पनांना पर्याय मिळतो. मात्र हे व्यासपीठावरून सांगून भागत नाही. प्रश्न विचारण्याइतका विश्वास आधी निर्माण व्हावा लागतो.

महाविद्यालयांसाठी काही सूचना

मूल्यांकनाच्या निमित्ताने विस्तारकार्याची नोंद ठेवताना उपक्रमांची संख्या, उपस्थिती व छायाचित्रे यांवर आपला भर राहतो. या नोंदी आवश्यक असल्या तरी त्यांतून परिणाम कळत नाही. म्हणून पुढील बाबी विचारात घ्याव्यात.

१) एका उपक्रमासाठी एकच समज निवडावा. ‘मेंदू : एक अद्भुत अवयव’ यापेक्षा ‘झटका आल्यास काय करावे’ हा विषय अधिक फलदायी ठरेल.

२) आधी लोकांचे ऐकून घ्यावे. त्यांचे उपाय व त्यामागील कारणे समजल्याशिवाय खंडन करू नये.

३) राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिराचा उपयोग करावा. दत्तक गावातील आशा स्वयंसेविका व प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांना सहभागी करून घ्यावे. निदान व औषधयोजना ही त्यांचीच जबाबदारी राहील.

४) मानसशास्त्र, जीवशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र यावे. ‘अपस्मार’ हा शब्द फलकावर शोभतो. गावात ‘आकडी’ म्हटले तरच विषय पोहोचतो. योग्य शब्दाची निवड हे भाषेच्या अध्यापकाचे काम आहे.

५) महिन्याभराने त्याच गावात पुन्हा जावे व पूर्वीचेच दोन-तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे बदलली नसतील, तर तीही नोंद अहवालात असावी.

समारोप

मेंदूविज्ञानाचे लोकाभिमुख उपक्रम गेल्या तीन दशकांत जगभर रुजले आणि त्यांनी प्रयोगशाळेची दारे सर्वसामान्यांसाठी उघडली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु वरील विवेचनावरून असे दिसून येते की, माहितीचे प्रदर्शन आणि समजुतीतील बदल या दोन भिन्न गोष्टी आहेत. संशोधन संस्थांकडे यंत्रे व तज्ज्ञ आहेत. ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांकडे लोकांशी असलेला जवळचा संबंध आणि त्यांची भाषा आहे. गावातील एखाद्या घरात झटका आलेल्या मुलाच्या नाकाशी चप्पल धरण्याऐवजी कोणी त्याला कुशीवर वळविले, तर त्या महाविद्यालयाचे विस्तारकार्य सार्थकी लागले असे म्हणता येईल.