खिडकी दिसत नाही, तरी काम चालू असते

धानाचा हंगाम लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या राईस मिलच्या धरमकाट्यावर ट्रकमागून ट्रक येतो. काट्याखालचे सेन्सर वजन मोजतात, इंडिकेटर ते आकड्यात दाखवतो आणि सिरियल पोर्टच्या वायरीने तो आकडा कार्यालयातल्या संगणकात जातो. आता समजा, नोंदी घेणारा प्रोग्राम संगणकाबरोबर आपोआप सुरू व्हावा, अशी सोय विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये करून ठेवली आहे. लाईन गेली, परत आली, संगणक उठला, प्रोग्रामही सुरू झाला. मालक त्या दिवशी नागपुरात आहे. तो रिमोट डेस्कटॉपने आत शिरतो, तर पडद्यावर प्रोग्रामचा मागमूस नाही. बंद पडला असावा असे समजून तो आयकॉनवर क्लिक करतो. दुसरी प्रत उघडते आणि पोर्ट मोकळा नसल्याचे सांगते, कारण विंडोजमध्ये सिरियल पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. पहिली प्रत तर मुकाट्याने वजने घेतच असते. हा विंडोजचा दोष आहे, असे अनेकांना वाटते. माझे म्हणणे उलट आहे. दिसण्याच्या आड आलेली ही भिंत विचारपूर्वक घातलेली आहे, ती राहिलीच पाहिजे. बदलायची आहे ती प्रोग्राम लिहिण्याची आणि बसवण्याची रीत.

विंडोज एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र ‘सेशन’ चालवते. १९९८ साली विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली, तेव्हापासून एकाच सर्व्हरवर अनेक जण आपापल्या डेस्कटॉपवर दुरून काम करू लागले. प्रत्येक सेशनच्या खिडक्या त्या सेशनपुरत्याच असतात. यंत्रासमोर बसलेल्याला साधारणपणे १ क्रमांकाचे सेशन मिळते, सर्व्हरवर दुरून येणाऱ्याला पुढचा कुठला तरी क्रमांक. शून्य क्रमांकाचे सेशन मात्र कोणा माणसासाठी नसतेच. तिथे ‘सर्व्हिस’ राहतात, म्हणजे कोणीही लॉगिन न करता चालणारे प्रोग्राम. टास्क शेड्युलरमध्ये ‘वापरकर्ता लॉगिन असो वा नसो, चालव’ हा पर्याय निवडला की तो प्रोग्रामही त्याच सेशनमध्ये जातो. त्याने खिडकी उघडली तरी ती कोणत्याही पडद्याला न जोडलेल्या डेस्कटॉपवर उघडते. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ या पानावर सेशन आयडीचा रकाना दिसेल असे केले की तो प्रोग्राम शून्यासमोर जिवंत सापडतो. आपण ज्याच्या भरवशावर छपाई करतो तो प्रिंट स्पूलरही तिथेच असतो. त्याची खिडकी कोणी शोधत नाही. या वेगळेपणाचा रोजचा फायदा मोठा आहे. दुरून आत येऊन हाताने सुरू केलेला प्रोग्राम साइन आउट करताच मरतो. नुसती रिमोटची खिडकी बंद केली तर तो चालू राहतो, कारण तेव्हा फक्त जोडणी तुटते. हा फरक माहीत नसल्याने कितीतरी कामे अर्ध्यावर थांबतात. सर्व्हिसला याचे सोयरसुतक नसते. कोण आले, कोण गेले, तिचे काम चालूच.

पूर्वी असे नव्हते. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ मध्ये यंत्रासमोर बसून पहिल्यांदा लॉगिन करणारा माणूस आणि सगळ्या सर्व्हिस एकाच, शून्याच्या सेशनमध्ये असत. सर्व्हर २००३ वर रिमोट डेस्कटॉपच्या आज्ञेला ‘कन्सोल’ हा शब्द जोडला की थेट तिथे पोहोचता येई आणि आपोआप सुरू झालेल्या प्रोग्रामच्या खिडक्या समोर दिसत. सोय होती, पण घातक. एका डेस्कटॉपवरची कोणतीही खिडकी दुसऱ्या खिडकीला संदेश पाठवू शकत असे, आणि संदेश कुणी पाठवला याची खातरजमा विंडोज तेव्हा करत नसे. २००२ साली ‘शॅटर’ नावाच्या हल्ल्याने दाखवून दिले की साध्या वापरकर्त्याचा प्रोग्राम या वाटेने सर्वाधिकार असलेल्या सर्व्हिसकडून हवे ते करून घेऊ शकतो. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षअखेरीस दुरुस्ती दिली, पण मूळ दुखणे मांडणीतच होते. त्यावरचा खरा उपाय व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ मध्ये आला. शून्याचे सेशन माणसांना बंद झाले, ‘कन्सोल’च्या जागी ‘अ‍ॅडमिन’ हा शब्द आला आणि तो वापरूनही शून्यात जाता येईनासे झाले. जुन्या प्रोग्रामच्या शून्यातल्या खिडक्या पाहता याव्यात म्हणून ठेवलेली फटही पुढे विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीत बुजवली गेली.

यावर आक्षेप येतो की हे सगळे मोठ्या कंपन्यांचे शास्त्र झाले. मिलमध्ये संगणक अभियंता नसतो, प्रोग्राम विकणाऱ्याने खिडकीवालाच प्रोग्राम दिलेला असतो, मग संगणक आपोआप लॉगिन व्हावा अशी सोय करून मोकळे का होऊ नये? काट्यावर माणूस बसलेलाच असेल आणि संगणक त्या एकाच कामाचा असेल, तर ही वाट चालण्यासारखी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण मग लाईन आल्याबरोबर तो संगणक येईल त्या माणसाला उघडा मिळतो आणि पासवर्डही यंत्रातच साठवलेला राहतो. दुसरा आक्षेप असा की पडदा दाखवणारी एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखी साधने तरी चालतील. समोरच्या माणसाचा पडदा ती उत्तम दाखवतात, पण शून्यातली खिडकी त्यांनाही दाखवता येत नाही. आणि गंमत नव्हे, पुरावा म्हणून पाहण्यासारखी गोष्ट ही की ती साधने स्वतःच दोन भागांत लिहिलेली असतात: एक सर्व्हिस शून्यात कायम जागी, आणि तिने वापरकर्त्याच्या सेशनमध्ये उभा केलेला दुसरा भाग, जो पडदा हाताळतो. वजनाचा प्रोग्रामही असाच हवा. पोर्ट सर्व्हिसने धरावा, प्रत्येक वजन आणि प्रत्येक चूक वेळेसह लॉगमध्ये लिहावी. खिडकी निराळी असावी आणि तिने सर्व्हिसकडे फक्त विचारणा करावी. मग खिडक्या कितीही उघडा, पोर्ट एकाच्याच हाती राहतो. सर्व्हिस कोलमडली तर विंडोजने ती पुन्हा सुरू करावी, हे तिच्या ‘रिकव्हरी’ या पानावर सांगून ठेवता येते. प्रोग्राम विकत घेतानाच हे मागावे. नंतर मागणे महाग पडते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: जे डोळ्यांनी दिसत नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा? पण दुरून दिसणारा पडदा हा माहितीचा सर्वांत कमजोर पुरावा आहे. तो आत्ताचा क्षण दाखवतो, रात्री तीन वाजता काय झाले ते फक्त लॉग सांगतो. शिवाय जो पडदा आपल्याला दुरून दिसतो, तो चोरालाही दिसू शकतो. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधल्या वीज वितरण कंपन्यांत घुसलेल्यांनी नियंत्रण कक्षातल्या संगणकांचा दुरून ताबा घेतला. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण हलत गेला, ब्रेकर उघडत गेले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प असलेल्या जिल्ह्याने ही दूरदेशीची बातमी समजू नये. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच ‘ब्लूकीप’ हे भगदाड सापडले, तेव्हा मायक्रोसॉफ्टला पाठिंबा संपलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली, इतका धोका मोठा होता. म्हणून रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नये, आत येणे व्हीपीएनमधूनच व्हावे. आणि सर्व्हिस शून्यात गेली म्हणजे आपोआप सुरक्षित झाली असेही नाही. बसवणारे बहुधा तिला ‘लोकल सिस्टीम’ या सर्वाधिकारी खात्यावर चालवतात, कारण मग कुठलीच परवानगी अडत नाही. वजन वाचून एका फाइलीत लिहिणाऱ्या प्रोग्रामला तेवढ्या अधिकाराची गरज नसते. ‘लोकल सर्व्हिस’ हे मर्यादित खाते आणि त्या एका फोल्डरची परवानगी त्याला पुरते.