‘दादा, एवढं वाचून सांगता का?’

बेळगावच्या बसस्थानकावर सकाळी घटकाभर उभे राहिले, तर एक प्रश्न वारंवार कानी पडतो. डोक्यावर बुट्टी घेतलेली एखादी मावशी शेजारच्या अनोळखी माणसाला विचारते, ‘दादा, ही गाडी खानापूरची काय?’ मावशी निरक्षर असते असे नाही. तिने मराठी शाळेत चार इयत्ता केलेल्या असतात, हरिपाठाची पोथी ती रोज वाचते. पण गाडीची पाटी कन्नडमध्ये असते आणि ती अक्षरे तिच्या ओळखीची नसतात. शेजारचा माणूस पाटी वाचून सांगतो, मावशी गाडीत बसते. पुन्हा दोघांची गाठ पडत नाही.

सीमाभागातील आम्हा लोकांचे निम्मे व्यवहार अशा परक्या माणसांच्या उपकारावर चालत आले आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव, खानापूर, निपाणीचा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला आणि हळूहळू कचेरीतील कागदांची लिपी बदलली. सीमाप्रश्नावरील महाराष्ट्राचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण आज दुपारी टपालाने आलेली नोटीस काय म्हणते, हे आजच कळायला हवे. या लहानशा प्रश्नाविषयीच आम्हाला येथे लिहायचे आहे.

कानाला कळते, डोळ्याला नाही

आपल्यापैकी पुष्कळांना कन्नड बोलता येते. बाजारात, शेताच्या बांधावर, शेजाऱ्याशी आपण ते रोज बोलतो. जमिनीच्या कागदावरील शब्दही काही परके नाहीत. अर्जाला ‘अर्जी’, खात्याला ‘खाते’, हिश्श्याला ‘हिस्सा’. एकर-गुंठे तर दोन्हीकडे सारखेच. उताऱ्याला ‘पहणी’ म्हणतात, तो शब्दही आपल्या ‘पाहणी’च्या जवळचा. कोणी मोठ्याने वाचून दाखवले की निम्मा कागद आपोआप समजतो. अडते ते फक्त अक्षरापाशी. जुन्या हस्तलिखित कागदांवर तर अंकही कन्नड असतात आणि त्यांतील सहा व नऊ इतके सारखे दिसतात की नवख्याची चूक ठरलेली. गुंठ्यांच्या रकान्यात सहाचे नऊ वाचले गेले, तर भावाभावांत भांडण लागायला आणखी काय हवे?

आमच्या पाहण्यातील एका घराची गोष्ट. वडील गेले, वारसाची नोंद व्हायची होती. एक दिवस कन्नड नोटीस आली. घरात ती वाचणारे कोणी नव्हते. थोरल्याला वाटले, शेजाऱ्याला दाखवावी तर घरची गोष्ट गावभर होईल. कचेरीत विचारावे तर कारकून खेकसेल. नोटीस देवाच्या तसबिरीमागे गेली. धाकटा सुट्टीला आला आणि ओळखीच्या माणसाकडून त्याने ती वाचून घेतली, तेव्हा हरकत घेण्याची मुदत टळून गेली होती. पुढे वकील, तारखा आणि खर्च. विचारण्याची लाज वाटली, ती एवढ्याला पडली.

परक्याचे उत्तर आता हातात

अलीकडे मोबाईलने एक सोय केली आहे. कागदाचा फोटो काढायचा, गावाच्या नाहीतर तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचा आणि खाली लिहायचे, ‘कोणाला वाचता येत असेल तर सांगा.’ पाच मिनिटांत कोणी अनोळखी माणूस उत्तर देतो. तो निपाणीचा शिक्षक असेल, हुबळीत नोकरी करणारा मुलगा असेल, नाहीतर एखादा कन्नड शेजारीही असेल. आमचा अनुभव असा, की भाषेवरून सभेत कितीही आवाज चढोत, अडलेल्या म्हातारीला कागद वाचून दाखवायला कन्नड माणूस सहसा नाही म्हणत नाही. हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

मात्र सोयीबरोबर जोखीमही येते. त्या फोटोत आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, फोन नंबर असतो. शंभर-दोनशे लोकांच्या ग्रुपवर तो टाकणे म्हणजे घराची किल्ली उंबऱ्यावर ठेवण्यासारखे आहे. फोटो काढण्यापूर्वी तेवढा भाग कागदाच्या पट्टीने झाकावा. ‘काम करून देतो, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा,’ असे कोणी म्हणाला की बोलणे तिथेच थांबवावे. आणि फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मोबाईलचा कॅमेरा कागदावर धरून भाषांतर करणारी सोय आता आहे. छापील मजकुराला ती बरी, हस्ताक्षरापुढे मात्र अडखळते. जमिनीच्या आणि कोर्टाच्या कागदांबाबत तिच्यावर विसंबू नये. उत्तर एकाने दिले, तर दुसऱ्याकडून ते पडताळून घ्यावे.

हक्क सोडायचा नाही

यावर कोणी म्हणेल, आम्ही का म्हणून विचारत फिरायचे? कागद मराठीतून द्यावेत, ही तर आमची जुनी मागणी. ती रास्तच आहे आणि तिला आधारही आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार, संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन अधिकाऱ्याकडे देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक असतील, तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, हे राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेले सूत्र आहे. ते किती पाळले जाते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. म्हणून निवेदने मराठीतून देत राहावीत आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

पण मागणी मान्य होईपर्यंत तसबिरीमागची नोटीस थांबणार नाही. कन्नड अक्षरे शिकलो तर आपण मराठी बाणा सोडला, असे काहींना वाटते. आम्हाला ते पटत नाही. आपली पोरे मराठी शाळेत कन्नड हा विषय शिकतातच. त्याने त्यांची मराठी बिघडली नाही. आणि ही लिपी मराठी माणसाला डोंगराएवढी अवघडही नाही. अ-आ-इ-ईचा, क-ख-ग-घचा क्रम तोच. आपल्या बाराखडीला तिकडे ‘कागुणित’ म्हणतात, एवढाच फरक. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ हे दोन स्वर जास्तीचे. बाकी उच्चार आपल्या ओळखीचे. आपला ‘ळ’सुद्धा तिथे आहे.

निदान पहणी तरी आपली आपल्याला चाळता आली पाहिजे. नवव्या रकान्यात जमीनमालकाचे नाव असते. ते आपले आहे का, पाहावे. अकराव्या रकान्यात इतर हक्क आणि कर्जाचा बोजा असतो. फेडलेले कर्ज तिथे अजून दिसते का, पाहावे. आपले नाव, गावाचे नाव आणि अंक एवढे ओळखता आले, तरी निम्मी भीती जाते.

गावोगावी आपली वाचनालये आहेत, तरुण मंडळे आहेत. गणपतीच्या आरासीला जशी मुले जमतात, तशी आठवड्यातून एक संध्याकाळ कन्नड वाचता येणारी दोन मुले-मुली वाचनालयात बसवावीत. ज्याला कागद दाखवायचा असेल त्याने यावे, वाचून घ्यावे, घरची गोष्ट तिथेच राहावी. ज्याला अक्षरे शिकायची असतील त्याने पाटी-पेन्सिल आणावी. याला वर्गणी लागत नाही की कोणाची परवानगी लागत नाही.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिताना त्याचे उपकार मानावेत, हे खरे. पण स्वतःचे हात मोकळे असताना आपली ओंजळ का करू नये? ज्यांच्या घरी न वाचलेला कागद पडून आहे, त्यांनी तो आज संध्याकाळीच बाहेर काढावा.