रानडुकराकरितां गोळी कोणती निवडावी?

उंसाच्या फडांत रानडुकरांचा कळप एक रात्र मुक्कामास राहिला म्हणजे सकाळीं मालकापुढें काय उरतें, हें शहादा तालुक्यांतील वाचकांस सांगावयास नको. गोमाई व तापी यांच्या कांठीं ऊंस, मका व केळी असेपर्यंत हा उपद्रव राहणारच. अशा वेळीं बंदुकीची पुष्कळ चौकशी होते. पण तिच्यांतून सुटणाऱ्या गोळीची कोणी फारशी करीत नाहीं. जनावर मरतें तें मात्र गोळीनें.

प्रथम कायद्याची गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद आहे. पिकाची नासाडी करणारें डुक्कर मारावयाचें तर त्याच कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणें अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी आधीं घ्यावी लागते, व मेलेलें जनावर सरकारच्या मालकीचें असतें. बंदुकीचा परवाना निराळा.

आतां गोळीकडे वळूं. तिनें दोन कामें करावयाचीं असतात: कातडें व हाड फोडून काळजापर्यंत पोहोंचावयाचें आणि तेथेंच आपला जोर खर्च करावयाचा. शिशावर टोंकापर्यंत कठीण धातूचें कवच असलेली गोळी पहिलें काम चोख करते. दुसरें करीत नाहीं. ती बारीक भोंक पाडून आरपार जाते. डुक्कर जखमी होऊन फडांत शिरतें, आणि गोळी पलीकडच्या शेतांत कोण आहे हें न पाहतां पुढें जाते. टोंकाशीं शिसें उघडें ठेवलेली नरम गोळी मांसांत शिरतांच कुत्र्याच्या छत्रीसारखी पसरते व बहुधा आंतच राहते. कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यांत १८९० नंतरच्या दशकांत अशा गोळ्या सैन्याकरितां निघाल्या होत्या. १८९९ च्या हेग परिषदेंत युद्धांत त्या वापरण्यास मनाई झाली. जनावराच्या बाबतींत मात्र हीच गोळी त्याचे हाल लवकर संपविते.

नरमपणालाही मर्यादा आहे. एकोणिसाव्या शतकांतील एक्सप्रेस रायफलींच्या हलक्या, पोकळ गोळ्या खांद्याच्या हाडावरच फुटत, अशी तक्रार सॅम्युएल बेकर यांच्यासारख्या अनुभवी शिकाऱ्यानें केली आहे. जुन्या नर डुकराच्या खांद्यावर चिवट कातड्याची जाड पोळी असते, म्हणून गोळीस वजन हवेंच. हिशेब तोळ्यांत करूं. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. पॉइंट २२ ची नेहमींची गोळी ४० ग्रेनांची, म्हणजे पाव तोळाही नाहीं. ती डुकरावर झाडणें हा निव्वळ छळ होय. पॉइंट ३१५ रायफलीची २४४ ग्रेनांची नरम गोळी सव्वा तोळ्याहून अधिक भरते व पुरेशी होते. बारा बोअर म्हणजे एक रत्तल शिशाच्या बारा गोळ्या. त्यांतील प्रत्येक सव्वातीन तोळ्यांची. तिचा वेग कमी, पण जवळून तिचा तडाखा जबर असतो. छऱ्यांचें काडतूस लांबून टाकूं नये. छरे पांगतात आणि नुसती जखम होते.

ठासणीच्या बंदुकींत खिळे किंवा सायकलीचे छरे भरण्याची चाल कोठें कोठें दिसते, ती सर्वथा टाकावी. कठीण लोखंड नळी खरवडतें व दगडावर आपटून भलतीकडे उसळतें. शुद्ध शिशाची, नळीस बेताची बसणारी गोळी वापरावी.

माझें मत विचाराल तर आपल्या सपाट मुलखांत बारा बोअरची एकगोळी सर्वांत बरी, व तीही माळ्यावरून. रायफलीची गोळी मैलाहून अधिक जाते. गाळपाच्या हंगामांत फडाच्या आजूबाजूस तोडणीवाल्यांच्या कोपी असतात. त्यांच्या कुडाच्या भिंती गोळी अडवीत नाहींत. माळ्यावरून बार खालीं जातो व काळ्या मातींत जिरतो. नेम पुढच्या पायाच्या लगत मागें, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यांत धरावा. डुकराचें काळीज आपण समजतों त्याहून खालीं असतें. ऊंस हलला म्हणून बार टाकूं नये. आंत माणूस असेल, बिबट्याही असेल. जखमी डुकराच्या मागें रात्रीं फडांत शिरूं नये; वनखात्यास कळवून उजाडल्यावर जाणत्या माणसांसह शोध घ्यावा.

शिशाचे बारीक कण मांसांत दूरवर पसरतात. तें मांस खाणारीं गिधाडें विष भिनून मरतात, म्हणून अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत २०१९ पासून शिकारीस शिशाची गोळी बंद झाली व तांब्याची वापरात आली. आपल्याकडे निदान मेलेलें जनावर उघड्यावर टाकूं नये. वनाधिकारी सांगतील त्याप्रमाणें खोल पुरावें.

काडतुसें कोरड्या जागीं, मुलांच्या हातीं न लागतील अशीं, कुलुपांत ठेवावींत. पावसाळ्यांत सर्दावलेलें काडतूस कधीं उशिरा उडतें. चाप ओढूनही बार झाला नाहीं तर निदान अर्धें मिनिट नळी निर्धोक दिशेस जमिनीकडे धरून ठेवावी, व मगच बंदूक उघडावी.