दहाव्याचे सुतक आणि हजार ताऱ्यांचे गाव

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील आमच्या केनवडात चित्रगृह नाही. आणि असते तरी १९ सप्टेंबर २०२५ रोजी मोजक्या शहरांतून प्रदर्शित झालेला रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट सोयाबीनच्या सोंगणीच्या तोंडावर येथे लावण्याची तजवीज कोणी केली असती, असे मानण्यास काही आधार नाही. समुद्रापलीकडच्या थायलंडात तयार झालेल्या, दोन तरुणांच्या परस्परप्रेमावरील मालिका मात्र निर्मात्यांनी यूट्यूबवर विनामूल्य ठेवल्यामुळे, इंग्रजी उपशीर्षकांचा आधार घ्यावा लागला तरी, धुऱ्यावर बसून मोबाइलवर पाहता येतात. आपल्या भाषेतील कृती पाहण्यासाठी मला शहर गाठावे लागले आणि परक्यांची कृती खिशात आली, हा विपर्यास मनात असल्यामुळेच दोहोंची तुलना करावीशी वाटली.

थायलंडातील या मालिकांची परंपरा फार जुनी नाही. जपानमध्ये १९७०च्या दशकात लेखिकांनी मुख्यतः मुलींसाठी चितारलेल्या चित्रकथांतून हा प्रकार उगवला, थायलंडात तो कादंबऱ्यांच्या वाटेने आला, आणि २०१४ची ‘लव्ह सिक’, २०१६ची ‘सोटस’ व टाळेबंदीच्या २०२० सालातील ‘टुगेदर’ या मालिकांनी त्याला देशोदेशीचा प्रेक्षक मिळवून दिला. त्यांतील बहुतेकींचे कथानक महाविद्यालयाच्या आवारात घडते व तेथेच संपते. २०२१ची ‘अ टेल ऑफ थाउजंड स्टार्स’ ही दहा भागांची मालिका मात्र आवार ओलांडून डोंगरातल्या खेड्यात जाते, म्हणून खेड्यातल्या वाचकापुढे तीच ठेवतो.

धनाढ्य घरातील तियान या तरुणावर हृदयारोपणाची शस्त्रक्रिया होते; ते हृदय अपघातात मरण पावलेल्या एका स्वयंसेवी शिक्षिकेचे होते हे कळल्यावर, तिची रोजनिशी घेऊन तो तिच्याच शाळेत शिकवायला जातो, आणि तेथील वनरक्षकांचा प्रमुख फूफा याच्यावर त्याचा जीव जडतो. हृदयाबरोबर प्रेमही हस्तांतरित व्हावे, ही योजना मला भाबडी वाटते. तियान त्या मनुष्यावर स्वतः प्रेम करतो की मृत शिक्षिकेच्या वतीने, हा कथेच्या गाभ्यातला प्रश्न मालिका उपस्थित करते खरी, पण त्याची तड लावण्याऐवजी डोळ्यांत पाणी आणून मोकळी होते. परंतु एका ठिकाणी ती माझ्यासारख्याला जागच्या जागी खिळवते. चहाची पाने विकणाऱ्या अडाणी गावकऱ्यांना व्यापारी कसा नाडतो हे नव्या मास्तराच्या ध्यानी येते, आणि पोरांना शिकवायचे गणित तो थेट त्या व्यवहाराला लावतो. बाजार समितीच्या आवारात सोयाबीनचे पोते काट्यावर चढताना ज्याने श्वास रोखून आकड्याकडे पाहिले आहे, काटा मारणे म्हणजे काय हे ज्याच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही, त्याला हा प्रसंग कोणत्याही प्रणयप्रसंगाहून जवळचा वाटेल. आणि फूफाविषयीची तियानची ओढ अशा कामाच्या सोबतीने वाढते, म्हणून ती खरी वाटते.

दोष मोठे आहेत. या संपूर्ण प्रकारात जाहिरातीची वस्तू कथेतील पात्रांच्या हाती देण्याचा प्रघात इतका निर्लज्ज आहे, की प्रेमाची कबुली चाललेली असताना खाऊच्या पाकिटाचे नाव प्रेक्षकाकडे वळवून धरले जाते. नायकांच्या जोड्या पडद्याबाहेरही जोड्या म्हणूनच बाजारात उभ्या केल्या जातात. याहून गंभीर उणीव ही, की त्या डोंगरी गावात दोन पुरुषांच्या जवळिकीविषयी कोणी कोणास जाब विचारत नाही; भावकी नाही, सोयरीक नाही, पोरगी पाहायला जाण्याचा तगादा नाही. असे गाव ताऱ्यांखाली शोभून दिसते, परंतु जनगणनेत सापडणार नाही.

मराठीत हा विषय परका नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले, रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा उभी केली; पण स्त्रीवर प्रेम करणाऱ्या त्या मुलीच्या वाट्याला शेवटी विनाशच आला. तेंडुलकरांच्याच कथेवरून रवी जाधव यांनी पुढे ‘मित्रा’ हा लघुपट केला व त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही ज्याच्या पायाला शेतातली माती आहे असा पुरुष अशा प्रेमकथेचा नायक व्हावा, यासाठी ‘साबर बोंडं’ची वाट पाहावी लागली.

मुंबईत कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांचे सुतक पाळण्यासाठी गावी येतो आणि बालपणीचा सवंगडी बाळ्या त्याला पुन्हा भेटतो, एवढीच हकीकत. कानवडे यांनी ती स्वतःच्या वडिलांच्या निधनानंतरच्या अनुभवातून घेतली आहे. सुतकात काय खावे, काय घालावे, कुठे जाऊ नये याची बंधने एकीकडे, आणि ‘लग्नाचं काय ठरलं?’ हा आत्या-काकांचा प्रश्न दुसरीकडे, अशा कोंडीत तो मुलगा बसलेला असतो. प्रेत उचलून पुरता आठवडा झाला नाही तोच त्याच घरात सोयरिकीचा विषय निघतो, हे ज्याने आपल्या घरी ऐकले नसेल असा वऱ्हाडी मनुष्य विरळा. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा बहुधा जागचा हलत नाही, त्यामुळे ओसरीवरच्या माणसांकडे आपण पाहुण्यासारखे नव्हे, तर घरच्यासारखे पाहत राहतो. भूषण मनोज व सूरज सुमन यांनी स्पर्शाइतकेच संकोचालाही वजन दिले आहे. आणि बाळ्या ज्या सहजतेने आनंदसाठी शीर्षकातली ती निवडुंगाची लाल बोंडे घेऊन येतो, त्या सहजतेपुढे थायी मालिकेतील हजार तारे मोजण्याचा सगळा थाट मला फिका वाटला.

चित्रपटही निर्दोष नाही. जयश्री जगताप यांनी केलेली आई अप्रतिम आहे, पण ती इतकी समंजस आहे, की मुलाच्या आयुष्यातला सर्वांत कठीण दरवाजा कथा सुरू होण्यापूर्वीच उघडून ठेवलेला असतो. संघर्ष मग दूरच्या नातलगांकडे सोपवला जातो. आनंदला मुंबईस परत जाण्याची मुभा आहे, बाळ्याला गावातच दिवस काढायचे आहेत, या विषमतेचा वेध चित्रपट हवा तितका खोलवर घेत नाही. बाळ्याच्या घराचा उंबरठा आपण फारसा ओलांडत नाही. मधल्या भागाचा संथपणा काहींना असह्य होईल. मला तो सुतकाच्या दिवसांइतकाच संथ वाटला, अधिक नव्हे.

२३ जानेवारी २०२५ रोजी थायलंडात समलिंगी जोडप्यांना विवाहाचा अधिकार देणारा कायदा अमलात आला, आणि त्याच दिवशी अमेरिकेत सुरू झालेल्या सनडान्स महोत्सवात ‘साबर बोंडं’ने जागतिक कथापट विभागातील सर्वोच्च ज्युरी पारितोषिक पटकावले. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७च्या निकालाने असे संबंध गुन्ह्याच्या यादीतून निघाले. विवाहाची मागणी मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली. त्यामुळे थायी मालिकेला सुखान्त परवडतो आणि मराठी दिग्दर्शकाला तो एकेक नातलग ओलांडून मिळवावा लागतो.

माझा कौल ‘साबर बोंडं’ला आहे. जिल्ह्यातील वाचनालये, महाविद्यालये आणि गणेश मंडळे यांनी वितरकांशी रीतसर पत्रव्यवहार करून तालुक्याच्या गावी त्याचा एखादा खेळ लावावा. पडदा आणि प्रक्षेपक मिळणे आता अवघड राहिलेले नाही.