बुरशी कुणाची? आधी पाणी कुठून येतं ते पाहा

इंग्लंडमधल्या रॉचडेल या गावात डिसेंबर २०२० मध्ये आवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा श्वसनमार्गाच्या आजाराने गेला. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हेच मृत्यूचं कारण, असा निष्कर्ष अधिकृत चौकशीत नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाला. त्याचे वडील २०१७ पासून तक्रार करत होते. घर भाड्याने देणाऱ्या संस्थेचं उत्तर होतं, वरून रंग मारून घ्या. शिवाय, बुरशीला या कुटुंबाची राहणीच कारणीभूत आहे, असंही गृहीत धरलं गेलं.

या दोन्ही गोष्टी विज्ञानाला धरून नव्हत्या.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. ते घरात येऊ न देणं कुणाच्याच हातात नाही. खाद्यही तयारच असतं: धूळ, कागद, लाकूड, रंगातले सेंद्रिय घटक. कमी असतं ते फक्त पाणी. भिंतीलगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता काही दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली, की गळती नसतानाही बुरशी धरते. म्हणून ती आधी कपाटामागे आणि कोपऱ्यांत दिसते. तिथे हवा खेळत नाही. वरून रंग मारला तर ओल तशीच राहते, बुरशीचे तंतू आत जिवंत राहतात आणि काही दिवसांत डाग पुन्हा वर येतात.

थंड देशात भिंत गार असते आणि खोलीतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, आंघोळ, कपडे वाळवणं यांतून दिवसाला साधारण दहा लिटर पाणी हवेत जातं. माणसं राहणार म्हणजे एवढं होणारच. ही वाफ बाहेर काढणारी खिडकी, झरोका, एक्झॉस्ट पंखा ही घराची बांधणी आहे आणि ती मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने पंखा लावायचा, कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढायचं, ओल दिसताच कळवायचं. पंखाच नसेल तर त्याला दोष देणं अन्याय आहे.

मुंबईत, कोकणात पावसाळ्याची गोष्ट वेगळी. बाहेरची हवाच इतकी दमट, की खिडक्या उघडून भिंत वाळत नाही. त्यातच बाहेरच्या भिंतीच्या भेगा, गच्ची आणि वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर यांतून पाणी झिरपतं. कारण ओळखायला एक सोपा प्रयोग करता येतो. भिंतीचा डागाळलेला भाग पुसून कोरडा करा, त्यावर अॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ. फॉइलच्या मागे, भिंतीकडे असतील तर पाणी भिंतीतून येतंय. पोपड्यांखालची पांढरी भुकटी बहुधा बुरशी नसते, ते क्षार असतात. भिंतीतून पाणी वाहिल्याचा तो पुरावाच.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवण्याची दुरुस्ती मालकाने करायची असते. लेखी नोटीस देऊनही त्याने मुदतीत ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. मात्र आजचे बहुतेक करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात आणि परवानाधारक कायद्याने भाडेकरू नसतो. त्यामुळे गळती कोण दुरुस्त करणार, हे करारात स्पष्ट लिहून घेणं फार गरजेचं आहे.

आवाबच्या नावाचा कायदा इंग्लंडमध्ये सामाजिक घरांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हालचाल करणं आता तिथे बंधनकारक आहे. आपल्याकडे तशी मुदत नाही. म्हणून ओल दिसली की रंगाऱ्याला बोलावण्याआधी तारखेसह फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर तेही त्यात लिहा.