पुन्हा नको रे बाबा!

‘आवडता पिक्चर कोणता?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. पण ‘असा कोणता पिक्चर, जो पुन्हा कधीच बघणार नाहीस?’ हे विचारून बघा. समोरचा माणूस आधी गप्प होतो, आणि मग बोलायला लागला की थांबत नाही. अंधेरीच्या चहाच्या टपरीपासून स्वतःच्या घरातल्या सोफ्यापर्यंत फिरवलेल्या या एका प्रश्नाची ही गोष्ट.

शुक्रवारची संध्याकाळ, अंधेरी एमआयडीसी. ऑफिसच्या गेटबाहेरच्या टपरीवर आमची कटिंगची मैफल रंगली होती. विकेंडला काय बघायचं यावर नेहमीची भांडणं सुरू होती. कुणाला कॉमेडी हवी, कुणाला थ्रिलर. तेवढ्यात आमच्यातला एक जण म्हणाला, ‘ए, मला उलटं सांगा. असा कुठला पिक्चर आहे, जो एकदम भारी आहे, पण आता कुणी पैसे दिले तरी परत बघणार नाही?’

दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले. चहा निवला, ९.१२ ची बोरिवली गेली, तरी आमची यादी संपेना. मी घरी पोहोचेपर्यंत ठरवून टाकलं होतं की पुढचा लेख यावरच.

बाहुला बघून पळालेली पिढी

सुरुवात हसतखेळत झाली. आमच्या वयाच्या मराठी मुलांना ‘तुमचा पहिला भयपट कोणता?’ विचारलं तर निम्म्याहून जास्त जण एकच नाव घेतात. तात्या विंचू! महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. म्हटलं तर कॉमेडी. रामदास पाध्येंचा बाहुला, लक्ष्याची धमाल आणि दिलीप प्रभावळकरांचा तो आवाज. मोठी माणसं पोट धरून हसायची आणि आम्ही सोफ्याच्या मागे! आता आयटीत टीम लीड असलेला मुलुंडचा एक मित्र सांगत होता, ‘माझ्या बहिणीकडे एक बोलकी बाहुली होती. तो पिक्चर बघितल्यावर मी ती माळ्यावर टाकली. अजून तिथेच असेल. काढायला जाणार नाही.’

त्यानंतर आला २००३ चा रामगोपाल वर्माचा ‘भूत’. आधीची हिंदी भुतं जुन्या हवेल्यांत राहायची, आपण चाळीत किंवा सोसायटीत सुरक्षित. वर्मानं भूत आणून ठेवलं थेट मुंबईतल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये. लिफ्ट, पार्किंग, वॉचमन, सगळं आपल्यासारखंच. वर पिक्चरमध्ये एकही गाणं नाही, म्हणजे मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. पश्चिम उपनगरांत टॉवर उभे राहत होते तेव्हाची ही गोष्ट. कांदिवलीच्या एका मैत्रिणीच्या आईनं तर घर बघायला गेल्यावर ब्रोकरला सरळ विचारलं होतं, ‘आधी इथे कोण राहायचं?’

पण खरं सांगू? ही भीती गोड असते. लाइट लावला की जाते. टपरीवरची चर्चा गंभीर झाली ती यानंतर.

आधी झिंगाट, मग शांतता

२९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला तेव्हा मी कॉलेजात होते. आमचा दहा जणांचा ग्रुप बोरिवलीच्या एका थिएटरात घुसला. ‘झिंगाट’ सुरू झालं आणि पुढच्या रांगेतली मुलं पडद्यासमोर जाऊन नाचायला लागली. आम्हीही खुर्च्यांवर. वाटलं, वसूल!

आणि मग शेवट. हैदराबादचा तो छोटासा फ्लॅट, माहेरहून ‘भेटवस्तू’ घेऊन आलेला भाऊ, पाहुण्यांसाठी आर्चीनं ठेवलेला चहा. नागराज मंजुळेंनी खून दाखवला नाही. पार्श्वसंगीत काढून घेतलं, शेजारणीबरोबर गेलेलं पोर परत आणलं, आणि त्याच्या इवल्याशा पावलांचे रक्ताचे ठसे तेवढे ठेवले. अजय-अतुलच्या ज्या संगीतावर थिएटर नाचत होतं, ते नेमकं इथे गायब. लाइट लागले तरी कुणी उठेना. शिट्ट्या मारणारी ती पुढची पोरं मान खाली घालून बाहेर पडली. आम्ही स्टेशनपर्यंत चालत गेलो, दहा जण, आणि कुणीही एक शब्द बोललं नाही.

शंभर कोटींचा टप्पा गाठणारा मराठी सिनेमा म्हणून ‘सैराट’चं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण माझ्या ओळखीत एक जण आहे, जिनं हा सिनेमा वेगळ्याच डोळ्यांनी पाहिला. घाटकोपरला राहते, एका प्रायव्हेट बँकेत आहे. जातीबाहेर लग्न केलं म्हणून माहेर तुटलेलं. ‘सैराट’ बघून आल्यावर दोनच आठवड्यांनी तिच्या भावाचा तीन वर्षांनी फोन आला, ‘भेटायला येतो.’ ती म्हणाली, ‘मला आनंद व्हायला हवा होता गं. मी नवऱ्याला हाफ डे टाकून घरी बोलावलं आणि दाराची साखळी लावूनच दार उघडलं. भाऊ बिचारा हापूसची पेटी घेऊन उभा होता. साखळी बघून त्याचा चेहरा पडला. त्याला सगळं कळलं. त्यानंही पिक्चर बघितला होता ना!’

आज दोघांचं छान चाललंय. पण तो सिनेमा टीव्हीवर लागला की दोघंही चॅनेल बदलतात, आपापल्या घरी.

रक्ताचा थेंबही नाही, तरी

अस्वस्थ करायला हिंसा लागतेच असं नाही, हेही या गप्पांत कळलं. मंजुळेंच्याच ‘फँड्री’त (२०१४) जब्याचं कुटुंब गावात डुकरं पकडत असतं. डुक्कर हाताशी येतं आणि नेमकं शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात, डुक्कर निघून जातं. थिएटरात त्या वेळी काही जण हसले होते. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे आपल्या दिशेनं येतो. आमच्या टपरीवरचा एक जण म्हणाला, ‘मी हसणाऱ्यांत होतो. तो दगड मला बसला.’

निशिकांत कामतांचा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) तर आपल्या रोजच्या आयुष्याचाच पिक्चर. बँकेत क्लार्क असलेला माधव आपटे, म्हणजे संदीप कुलकर्णी. तीच लोकल, तीच रांग, तीच सही. एक दिवस दुकानदार छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागतो आणि इतकी वर्षं नियमानं वागलेल्या या माणसाचा फ्यूज उडतो. हॉलिवूडच्या ‘फॉलिंग डाऊन’शी (१९९३) त्याची तुलना झाली, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट काय, तर आपल्याला आपटेचं पटत जातं!

परदेशी यादीही मोठी होती. गास्पार नोएचा ‘इर्रिव्हर्सिबल’ कान महोत्सवात २००२ मध्ये दाखवला तेव्हा अनेक प्रेक्षक उठून गेले होते. त्याच्या सुरुवातीच्या भागात कानाला जेमतेम जाणवेल असा अतिशय खालच्या पट्टीतला आवाज मुद्दाम पेरलाय, शरीरच बेचैन व्हावं म्हणून. डॅरेन अॅरोनॉफ्स्कीचा ‘रेक्विएम फॉर अ ड्रीम’ (२००० ) आणि इसाओ ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) ही नावंही आली. हा दुसरा तर कार्टून आहे म्हणून एकानं भाचीला दाखवायला लावला होता. युद्धात अनाथ झालेल्या दोन भावंडांची गोष्ट. मामाच रडत बसला आणि भाचीनं त्याला पाणी आणून दिलं!

आपल्याच लोकलमधला पिक्चर

सगळ्यांची उत्तरं गोळा झाली. राहिले होते फक्त बाबा.

बाबांची नोकरी फोर्टला. तीस वर्षं बोरिवली-चर्चगेट, फर्स्ट क्लासचा पास. मला वाटलं, ते ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतील. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचा अनुराग कश्यपचा सिनेमा. खटल्याचा निकाल लागलेला नव्हता म्हणून कोर्टानं तो रोखला होता, आणि अखेर ९ फेब्रुवारी २००७ ला आला. बाबांनी तो शांतपणे पाहिला होता.

पण ते म्हणाले, ‘तो माधवनचा. लोकलवाला.’

‘मुंबई मेरी जान’, २००८. तोही निशिकांत कामतांचाच. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. बॉम्ब फर्स्ट क्लासच्या डब्यांत होते. माटुंग्यापासून भाईंदरपर्यंत गाड्या फाटल्या, १८० हून जास्त माणसं गेली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. एवढंच आठवतं की फोन लागत नव्हते, आई गॅलरीतून हलत नव्हती आणि बाबा रात्री साडेअकराला चालत, भिजत आले. त्यानंतर त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कुणी काही बोललं नाही. हा सिनेमा पुढे टीव्हीवर लागला तेव्हा बाबा वीस मिनिटांत उठून स्वयंपाकघरात गेले आणि चहा करायला लागले. त्यांना चहा करता येत नाही.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं, आणि तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्याला स्थगिती दिली. तेव्हाही बातम्या सुरू झाल्या की बाबा रिमोट उचलायचे.

मी म्हटलं, ‘बाबा, पूर्ण बघूया का? मी आहे ना.’ बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘लाव. पण रिमोट माझ्याकडे.’

माधवनचा निखिल रोज लोकलनं जाणारा. त्या दिवशी तो सेकंड क्लासमध्ये चढतो आणि फर्स्ट क्लासच्या डब्यात स्फोट होतो. तो वाचतो, पण पुढे त्याला लोकलमध्ये पाय ठेवता येत नाही. सोहा अली खान टीव्ही रिपोर्टर. आयुष्यभर इतरांना ‘आपको कैसा लग रहा है’ विचारणारी, आणि आता तिच्याच दुःखाची बातमी करायला निघालेलं तिचं चॅनेल. (माझ्या धंद्यातल्या प्रत्येकानं हा भाग बघायलाच हवा.) इरफानचा कॉफीवाला, परेश रावलचा रिटायरमेंटला आलेला हवालदार. स्फोट काही मिनिटांत संपतो. उरलेला सगळा पिक्चर, वाचलेल्या माणसांचं काय होतं, याचा आहे.

बाबांनी मधेच पॉज केलं.

‘आमचा सहा जणांचा ग्रुप होता,’ ते म्हणाले. ‘एक जण आधी पोहोचायचा आणि रुमाल टाकून माझी जागा धरायचा. त्या दिवशी मी गाडी चुकवली. तुझ्या वह्यांचे ब्राऊन पेपर घ्यायचे राहिले होते. म्हटलं, एक गाडी गेली तर गेली.’

मी काहीच बोलले नाही. काय बोलणार?

‘त्यानं जागा धरली असणार ना,’ बाबा म्हणाले. ‘एवढंच डोक्यात येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गाडीत होतो. सगळे म्हणाले, मुंबई स्पिरिट. कसलं स्पिरिट? रजा शिल्लक नव्हती.’

एकोणीस वर्षं त्यांनी मला हे का सांगितलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. ब्राऊन पेपरचं ओझं नऊ वर्षांच्या मुलीवर कशाला टाकायचं?

त्यांनी प्ले दाबलं. शेवटी शहर दोन मिनिटं थांबतं. त्या दोन मिनिटांत बाबाही हलले नाहीत.

बघायचाच असेल तर…

• एकट्यानं बघू नका. सोबत कुणी असेल तर पिक्चर संपल्यावर बोलता येतं.

• झोपायच्या आधी तर नकोच. संध्याकाळी बघा, नंतर जेवा, फिरून या.

• ऑक्सफर्डच्या एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना भयंकर दृश्यांची फिल्म दाखवली आणि अर्ध्या तासानं काहींना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांना ती दृश्यं कमी वेळा आठवली. डोळ्यांसमोर चित्रं तयार करणारा मेंदूचा भाग ठोकळे लावण्यात गुंततो, असं त्यामागचं कारण. मोबाइलवर गेम ठेवा!

• मधेच बंद करणं म्हणजे हरणं नाही. रिमोट आपल्याच हातात असतो.

• पिक्चर विसरला जात नसेल, झोप उडत असेल, जुनं काही वर येत असेल, तर समुपदेशकाशी बोला. लाजायचं काय त्यात?

आता तुम्ही म्हणाल, इतका त्रास होतो तर बघायचंच कशाला? मीही आठवडाभर हाच विचार करत होते. माझ्यापुरतं उत्तर मिळालं. त्या पिक्चरनं आमच्या घरात एकोणीस वर्षांत जे बोललं गेलं नव्हतं, ते एका पॉजमध्ये बोललं गेलं. पुन्हा बघणार का? मुळीच नाही.

श्रेयनामावली संपली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. बाबांनी रिमोट माझ्या हातात दिला. ‘आता काहीतरी हलकं लाव.’

मी ‘अशी ही बनवाबनवी’ लावला. बाबा पहिल्याच सीनला हसले. आणि चहा? तो मीच केला.