‘राहणे’ आणि ‘होणे’

परके शब्द भाषेत शिरतात ते बहुधा नामांच्या रूपाने. नवी वस्तू आली की तिच्याबरोबर तिचे नावही येते. परंतु ‘होणे’ यासारखे, भाषेचा कणाच म्हणावे असे क्रियापद कोणी उसने घेते काय? स्वीडन, डेन्मार्क आणि नॉर्वे या देशांतील भाषांनी ते घेतले आहे.

प्राचीन नॉर्स भाषेत ‘होणे’ या अर्थी ‘वेर्दा’ हे क्रियापद होते. ते संस्कृत ‘वृत्’ धातूचे सगोत्र. आपले वर्तणे, वर्तन, वर्तमान हे शब्द त्याच धातूचे. पुढे मध्ययुगात हान्सा संघाचे जर्मन व्यापारी बेर्गेन, विस्बी, स्टॉकहोम या नगरांत स्थिरावले. स्टॉकहोमच्या नगरसभेतील निम्म्या जागांपर्यंत जर्मनांना वाव होता. ही सवलत १४७१ मध्ये संपली. या व्यापाऱ्यांच्या निम्न-जर्मन भाषेत ‘ब्लीव्हेन’ म्हणजे राहणे. तेच झिजून स्वीडिशमध्ये ‘ब्ली’ झाले आणि त्याने ‘वेर्दा’ची जागा घेतली.

राहणे म्हणजे स्थैर्य, होणे म्हणजे बदल. मग ही उलटापालट कशी झाली? आपणही ‘तो पुढारी होऊन बसला’ असे म्हणतोच. एखाद्या स्थितीत टिकणे आणि त्या स्थितीस पोहोचणे यांतील अंतर बोलण्यात सहज पुसले जाते. डॅनिशमध्ये तर घरी ‘राहणे’ आणि शिक्षक ‘होणे’ यांसाठी आजही एकच क्रियापद चालते. विशेष म्हणजे ‘ब्लीव्हेन’चे मूळ चिकटणे या अर्थाच्या धातूत आहे, संस्कृत ‘लिप्’ आणि मराठी लिंपणे, लेप हे त्याच कुळातले.

आइसलँडिकने ‘वेर्दा’ जपले. नॉर्वेच्या नीनोर्स्कमध्ये दोन्ही क्रियापदे चालतात. स्वीडिश बायबलच्या १९१७ च्या भाषांतरात प्रकाशाच्या निर्मितीच्या वाक्यात जुने क्रियापद होते. २००० च्या भाषांतरात तेथे ‘ब्ली’ आले.

भाषाशुद्धीचे कैवारी आइसलँडचा दाखला देतात आणि तो आदरणीयच आहे. परंतु ‘ब्ली’ स्वीकारल्याने स्वीडिश भाषा जर्मन झाली नाही. आपले ‘बदलणे’ हे क्रियापदही अरबी ‘बदल’वरून फारसीच्या वाटेने आले, ते आज कोणास परके वाटते? बदलला, बदलेल, बदलून असे मराठीचे प्रत्यय ते निमूटपणे स्वीकारते. चिंता करावयाची ती आलेल्या शब्दांची नव्हे. आलेल्या शब्दास आपले प्रत्यय लावून आपल्या व्याकरणात बसविण्याचे सामर्थ्य ज्या दिवशी ओसरेल, त्या दिवसाची चिंता केली पाहिजे.